सुटण्यासारखी सवय

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे 'धुराडं' म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. त्यालाही त्याचं काही वाटत नसे, उलट नवीन कोणी बिचकत खरं नाव घेऊन हाक मारली की तो इकडेतिकडे बघायचा. लिफ्टच्या शाफ्टमध्ये सिगारेट ओढायला बंदी होती. म्हणून तो आत शिरण्याआधी एक ओढून घ्यायचा, आणि बाहेर आला की हाताचं ग्रीस पुसायच्या आधी दुसरी पेटवायचा. त्याच्या प्रत्येक सिगारेटवर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा असे.

कामात तो पक्का होता. दरवाजा नीट लागत नसला तर नुसत्या आवाजावरून कुठला रोलर झिजलाय ते सांगायचा. पण गेली काही वर्षं तो खड्ड्यात उतरणं टाळत होता. लिफ्टच्या तळाशी, सगळ्यात खालच्या मजल्याच्याही खाली, एक खड्डा असतो. तिथे उकिडवं बसून, मान वाकडी करून काम करावं लागतं. ते काम त्यानं हळूहळू जोडीदारावर ढकललं होतं. जोडीदार अंगानं काडीसारखा, म्हणून त्याला सगळे 'पहिलवान' म्हणत. पहिलवान खड्ड्यात, धुराडं वर मशीनच्या खोलीत, अशी वाटणी न बोलता होऊन गेली होती. काम संपलं की दोघं जिन्यात बसून ओढायचे. बोलणं फारसं नसायचंच.

मग दुसऱ्या कुठल्यातरी शहरात एक मेकॅनिक खड्ड्यात अडकला. वरून केबिन खाली यायला लागली आणि त्याला वेळेत उठताच आलं नाही. जिवावरचं पायावर निभावलं. त्यानंतर कंपनीनं फर्मान काढलं की पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी होणार.

डॉक्टर तरुण होता. त्यानं आधी पुढे वाकायला सांगितलं. धुराड्याची बोटं गुडघ्यांच्या जरा खाली गेली आणि तिथेच लोंबत राहिली. मग टाचा न उचलता उकिडवं बसायला सांगितलं. तो अर्ध्यापर्यंत गेला आणि धपकन मागच्या मागे बसला. शेवटी एका नळीत फुंकायचं होतं. फुंकर कमी आणि खोकलाच जास्त निघाला.

"बूट कसे घालता?" डॉक्टरनं विचारलं.

"पायरीवर पाय ठेवून."

"आणि पायरी नसेल तर?"

"बिनलेसचे आहेत."

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतो. तेव्हाही असंच असेल तर तुम्हाला टेलिफोनवर बसावं लागेल. अंग मोकळं करून घ्या. आणि सिगारेट बंद. रक्तच नीट पोचत नसेल तर नुसतं ताणून काही होत नाही."

टेलिफोनवर बसायचं म्हणजे तक्रारी घ्यायच्या. दिवसभर कानाला यंत्र लावून 'माणूस पाठवतो, माणूस पाठवतो' म्हणायचं, आणि तो माणूस आपण नसायचं. धुराड्याला ते मरणाहून वाईट वाटलं. त्याच दुपारी जिन्यात त्यानं पाकीट आणि लायटर पहिलवानाच्या मांडीवर ठेवलं.

"कोणी गेलं का घरी?" पहिलवानानं विचारलं.

"नाही. खड्ड्यात उतरता आलं पाहिजे."

"मग मी आहे की."

"तुझीही तपासणी आहे पुढच्या वेळी."

पहिलवानानं थोडा विचार केला, पाकीट खिशात घातलं आणि स्वतःची पेटवली.

घरी बायको पडदे शिवायची. हॉलच्या फरशीवर कापड पसरून कापायचं आणि खिडकीजवळच्या मशीनवर शिवायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा उद्योग. शिवून झालेले पडदे ती घरात ठेवायची नाही, मागच्या दोरीवर वारा लागेल असे टाकायची, कारण एकदा एका गिऱ्हाईकानं पडदे नाकाला लावून तसेच परत केले होते. त्या दिवशी ती गुडघ्यांवर बसून कापडाला टाचण्या लावत होती.

"सोडली मी," तो म्हणाला.

तिच्या ओठांत टाचण्या होत्या. तिनं एकेक काढून टाचण्यांच्या उशीत टोचली.

"काय?"

"सिगारेट."

"कशासाठी?"

"नोकरीसाठी. नाहीतर टेलिफोनवर बसवतायत."

"असं होय," ती म्हणाली आणि टाचण्या परत ओठांत धरल्या.

त्याला याहून काहीतरी जास्त हवं होतं. काय ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढचे दिवस वाईट गेले. हात रिकामे राहीनात. तो खिसे चाचपायचा, स्क्रू ड्रायव्हर बोटांत फिरवायचा, दातकोरणी चावून चावून तिचा भुगा करायचा. पोट साफ होईना. झोप पहाटेच मोडायची आणि मोडली की डोक्यात एकच गोष्ट. सकाळी खोकला यायचा तो पूर्वीपेक्षा जास्त, जणू छाती इतक्या वर्षांचं सगळं बाहेर फेकायला निघाली होती. एका इमारतीत एका म्हाताऱ्या बाईंनी नुसतं विचारलं, "किती वेळ लागेल हो?" तर तो त्यांच्यावर असा खेकसला की बाई पिशव्या घेऊन जिन्यानं चालत गेल्या. घरात मशीनचा आवाज सहन होईना. चहाची चव बदलली, त्याचाही दोष बायकोलाच.

"एक ओढा आणि शांत व्हा," ती एकदा म्हणाली.

"हे तू म्हणतेस?"

"मीच म्हणते. तुम्ही गॅलरीत जायचात, तेव्हा मला जरा घर मिळायचं."

ते खरं होतं. जेवणानंतर तो गॅलरीत गेला की ती रेडिओ लावून पाय पसरून बसायची. आता तो हॉलमध्येच असायचा. आणि नुसता असायचा नाही, तर भिंतीला पाय लावून फरशीवर आडवा, नेमका तिथेच जिथे तिला कापड पसरायचं असे. कुठल्याशा व्हिडिओत बघून तो अंग ताणायचा आणि ताणताना कण्हायचा.

"असं करून एखादी शीर तुटेल," शेवटी ती म्हणाली. "शिकलेली लेक आहे घरात. तिच्याकडे जा."

लेक तशी घरात नव्हती. लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. ती फिजिओथेरपिस्ट होती. एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन एका सहकारी मुलीबरोबर तिनं दवाखाना काढला होता. तिथे तो उद्घाटनाला गेला होता, त्यानंतर नाही. गेला तर बसायला लागतं, बसलं की तलफ येते, आणि लेकीच्या जवळपास ओढायची सोय नाही, म्हणून आपोआपच जाणं झालं नव्हतं.

लेकीला लहानपणापासून दमा.

हे इथे सांगायला हवं, कारण ती एकेकाळी जिम्नॅस्टिक्स करायची. अंग इतकं लवचिक की मागे वाकून स्वतःच्या घोट्यांना हात लावायची आणि तशीच उलटी सगळ्यांकडे बघून हसायची. शिकवणाऱ्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं होतं की ही पोरगी पुढे जाणार. तिला सरावाला नेणं-आणणं बापाकडे होतं, कंपनीच्या छोट्या गाडीतून. थंडीत काचा बंद. तो ओढायचा आणि ती मागच्या सीटवर खोकायची. डॉक्टरांनी तेव्हाही सांगितलं होतं. मग त्यानं घरात ओढणं बंद करून गॅलरीत सुरू केलं, पण गॅलरीचं दार फुगलेलं होतं, कधी नीट लागायचंच नाही. जगाचे दरवाजे दुरुस्त करणाऱ्या माणसानं ते एक दार तसंच राहू दिलं.

मोठी स्पर्धा आली तेव्हा लेकीनं त्याच्याजवळ एकच मागितलं. स्पर्धा होईपर्यंत ओढू नका. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. एक-दोन दिवस काढलेही. स्पर्धेच्या सकाळी केसांचं रबर घट्ट करून घ्यायला ती त्याला शोधत व्यायामशाळेच्या मागच्या बाजूला आली, तर तो भिंतीला टेकून ओढत होता. तिनं रबर त्याच्या हातात दिलं, पाठ फिरवून उभी राहिली. त्यानं सिगारेट ओठांत धरून तिचे केस बांधून दिले. मग आत जाऊन ती अर्ध्या उड्या मारेपर्यंत टिकली आणि गादीवर खाली बसली. पुन्हा कधी ती जिम्नॅस्टिक्सला गेली नाही. नातेवाइकांनी विचारलं तर तो सांगायचा, "मुलांची हौस काय, चार दिवसांची."

ती मोठी झाली, बापाशी नीट बोलत राहिली, आजारपणात धावून आली. कधी कशाचा उच्चार केला नाही. त्यामुळे तो समजला की ती विसरली.

दवाखान्यात तिनं त्याला इतर पेशंटसारखंच तपासलं. पाय उचलून बघितले, खुबे फिरवून बघितले, पाठीच्या मणक्यांवरून बोट फिरवलं. तिच्या तोंडावर मास्क होता आणि खिडकी उघडी होती.

"मांडीच्या मागचे स्नायू लाकूड झालेत," ती म्हणाली. "घोटेही वाकत नाहीत. म्हणून टाचा उचलल्या जातात. होईल, पण रोज करावं लागेल. आणि दुखलं की श्वास रोखायचा नाही, सोडायचा."

"होईल ना पण?"

"तुम्ही केलंत तर."

तपासणीचं आणि टेलिफोनचं त्यानं सांगितलं, सिगारेट सोडल्याचं मात्र नाही. तिनं ओळखावं अशी त्याची इच्छा होती. मनात त्यानं त्याचं चित्र रंगवलं होतं. ती मास्क काढेल, नाकानं हुंगेल, म्हणेल, बाबा, काय हे. मग कदाचित आईला फोन करेल. तो आठवड्यातून दोनदा जात राहिला. धुतलेला शर्ट घालून जायचा, जुनं जाकीट घरी ठेवून. ती पट्ट्यात त्याचा पाय अडकवून वर खेचायची, कंबरेखाली उशी सरकवायची, "अजून, अजून, श्वास सोडा" म्हणायची. मास्क काही काढायची नाही.

अंग मात्र ऐकायला लागलं. बोटं गुडघ्याखालून पोटरीपर्यंत आली, मग घोट्याच्या वर. एका सकाळी तो स्वयंपाकघरात खाली पडलेला चमचा उचलायला वाकला आणि चमचा हातात आल्यावर त्याच्या लक्षात आलं की ओट्याला धरलं नव्हतं. बायकोकडे त्यानं बघितलं. ती दूध ओतत होती. त्यानं चमचा खाली टाकून पुन्हा उचलला.

"दिसलं मला," ती म्हणाली.

त्या आठवड्यात लेकीकडे गेला तेव्हा त्याला राहवलं नाही. तो टेबलावर उताणा होता आणि एक पाय तिच्या खांद्यावर होता.

"सोडली मी. महिना उलटून गेला."

"माहीत आहे."

"आईनं सांगितलं?"

"नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं. पाय सरळ ठेवा."

"मग बोलली का नाहीस?"

पाय आणखी वर गेला. त्याला मांडीत कळ आली, त्यानं सांगितल्याप्रमाणे श्वास सोडला. कळ वाढली.

"अगं, जरा हळू."

तिनं पाय एकदम खाली ठेवला. मग मागे सरून हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी दहा-अकरा वर्षांची असताना आईनं मला एक गोष्ट सांगितली होती. त्या स्पर्धेनंतर. म्हणाली, बाबांना ती सुटत नाही. तुझा दमा जसा तुझ्या हातात नाही, तसं ते त्यांच्या हातात नाही. तोही एक आजारच आहे."

तो उठून बसला. पाय टेबलावरून लोंबत होते.

"मला ते पटलं," ती म्हणाली. "मी ते धरून ठेवलं. तुमचा राग आला की मी ते स्वतःला सांगायची. बाबांना जमत असतं तर त्यांनी माझ्यासाठी केलं असतं. त्यांना जमतच नाही. तुम्हाला कल्पना नाही, त्याच्यावर मी किती वर्षं काढली."

"मग आता तर सोडली ना. आनंद नाही झाला तुला?"

"आता तुम्हाला टेलिफोनवर बसवणार होते, म्हणून सोडलीत. म्हणजे सुटण्यासारखी होती."

"सोपं नव्हतं ते," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "काय काय सोसलंय मी. झोप नाही, पोट नाही, कुत्र्यासारखा वसवसत फिरलो. विचार तुझ्या आईला."

"अवघड असतं. मी पेशंटना रोज हेच सांगते. पण अवघड होतं, एवढंच. मी तुम्हाला माफ केलं होतं ते अशक्य आहे असं समजून." तिनं नळ सुरू केला आणि परत बंद केला. "पुढच्या वेळेपासून माझी मैत्रीण बघेल तुम्हाला. ती चांगली आहे. माझ्याकडून नीट होत नाहीये. आत्ता पाय गरजेपेक्षा जास्त ओढला मी. पेशंटच्या बाबतीत असं चालत नाही."

"तू मुद्दाम ओढलास?"

"ठरवून नाही. पण थांबवलाही नाही."

तिनं मास्क नीट केला आणि बाहेर बसलेल्या पुढच्या पेशंटला नावानं हाक मारली.

तो खाली आला. औषधाच्या दुकानाशेजारी एक टपरी होती. त्यानं एक सिगारेट घेतली आणि आडोशाला जाऊन उभा राहिला. टपरीवरची काडेपेटी त्याच्या हातात होती. त्याच्या मनात एक विचार आला आणि तो विचार आल्याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. ही आत्ता पेटवली, उद्यापासून पूर्वीसारखी सुरू केली, की लेकीचं म्हणणं खोटं ठरतं. बाबांना सुटतच नाही, हे पुन्हा खरं होतं. तिला तिची जुनी समजूत परत मिळते आणि त्याला त्याची लेक.

पण तपासणी तोंडावर आली होती. नळीत फुंकायचं होतं. त्यानं सिगारेट बोटांत चुरडली, तंबाखू खाली सांडली आणि काडेपेटी परत केली. बसमध्ये बसल्यावर त्याला कळलं की आत्ताही आपण ती नोकरीसाठीच टाकली. मग तो घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला आणि त्याला बाहेरचं काही दिसलं नाही.

बायको कापड कापत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. पायाची गोष्टही सांगितली. तिनं कात्री थांबवली नाही.

"तिला तसं मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "पोरगी उशीत तोंड घालून पडली होती. काहीतरी सांगायला हवं होतं."

"आणि तुला? तुला काय वाटायचं? सुटत नाही असंच ना?"

"मला तसं कधीच वाटलं नाही."

"मग बोलायचं नाही का एकदा तरी?"

"बोलले की," ती म्हणाली. "तुम्ही गॅलरीत होता."

कापडाचा तुकडा सुटा झाला. तिनं तो झटकला, घडी घातली आणि दुसरा पसरला. त्याच्या पायाखाली कापडाचं टोक आलं होतं म्हणून त्याला सरकायला सांगितलं.

तपासणीत तो पास झाला. बोटं बुटांच्या टोकांना टेकली. उकिडवं बसून तो हात न लावता उठला, आणि डॉक्टर नको म्हणत असतानाही आणखी एकदा करून दाखवलं. नळीत फुंकलं तेव्हा काटा बऱ्यापैकी वर गेला. डॉक्टर म्हणाला, "कमाल केलीत काका. घरचे खूश असतील." तो म्हणाला, "आहेत ना."

पहिलवान नापास झाला. वाकण्या-बसण्यात त्याचा कोणी हात धरू शकलं नसतं, पण त्या नळीनं त्याचा घात केला. त्याला टेलिफोनवर बसवलं. आता सकाळी धुराड्याचा फोन वाजला की पलीकडे पहिलवान असायचा, "अमुक इमारत, दुसरा मजला, दार अडकलंय, माणूस पाठवतो असं सांगितलंय," एवढं म्हणून ठेवून द्यायचा. पूर्वी दोघं जिन्यात न बोलता बसायचे ते आणि हे न बोलणं यांत फार अंतर होतं. एकदाच तो जरा जास्त बोलला. "मला आधी सांगितलं असतंस, की तू खरंच सोडणार आहेस, तर मीही बघितलं असतं."

"पाकीट तुझ्या मांडीवर ठेवलं होतं मी."

"मला वाटलं, दोन दिवसांनी परत मागशील. सगळ्यांना तेच वाटलं."

धुराडं आता एकटा खड्ड्यात उतरायचा. खाली उकिडवं बसून, मान वळवून, स्प्रिंगांना तेल घालायचा आणि शिडीनं वर यायचा. वर आल्यावर हातांना करायला काही नसे, म्हणून आता तो ग्रीस लगेच पुसायचा.

दवाखान्यात तो जात राहिला. सहकारी मुलगी हसरी होती, त्याला काका म्हणायची, पाय हळूच उचलायची आणि फार कौतुक करायची. मधलं दार उघडं असलं की पलीकडून लेकीचा आवाज ऐकू यायचा. "अजून. अजून थोडं. श्वास सोडा." निघताना ती दारात येऊन आईची चौकशी करायची. एकदा तिनं मास्क खाली केलेला होता. त्याला बघून तिनं तो वर चढवला नाही. यावर त्यानं पुढचे कित्येक दिवस विचार केला.

हिवाळा संपता संपता एका सुट्टीच्या दिवशी लेक जेवायला आली. नवीन घरासाठी आई तिला पडदे शिवून देणार होती, मापं द्यायची होती. तो तिला आणायला खाली रस्त्यापर्यंत गेला. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालवून देणारा हा माणूस ज्या जुन्या इमारतीत राहत होता तिला लिफ्टच नव्हती. चार मजले चढायचे. तिच्या हातात कापडाच्या नमुन्यांची जड पिशवी होती. त्यानं मागितली, तिनं दिली नाही.

पहिला मजला दोघं बोलत चढले. बोलणं हवेचं, रस्त्यातल्या गर्दीचं. दुसऱ्या मजल्यावर त्यानं विचारलं, "मी परत सुरू केली, तर तुला बरं वाटेल का?"

तिनं हे हसण्यावारी नेलं नाही. दोन-तीन पायऱ्या चढेपर्यंत ती खरंच विचार करत होती.

"थोडे दिवस वाटेल," ती म्हणाली. "मग तुम्ही आजारी पडाल, आणि मलाच बघावं लागेल."

"मग नको."

"नकोच."

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचं बोलणं थांबलं. त्याला ते कळायला क्षण लागला. तो गप्पांच्या नादात चढत पुढे गेला होता, आणि मागे बघितलं तर ती कठड्याला धरून उभी होती. खांदे वर-खाली होत होते. छातीतून ती बारीक शिट्टी येत होती जी त्यानं ती लहान असताना शेजारच्या खोलीतून रोज ऐकली होती. पूर्वी याच वळणावर तोही थांबायचा. बाप-लेक दोघंही धापा टाकत कठड्याला टेकायचे, एकमेकांकडे बघायचे आणि तो म्हणायचा, "आपली गाडी एकाच कंपनीची." आज त्याचा श्वास सरळ होता. पाय हलके होते. त्याला आणखी चार मजले चढता आले असते.

त्याला त्याची लाज वाटली. त्यानं मुद्दाम जरा धाप लागल्यासारखं करून बघितलं.

"करू नका तसं," ती म्हणाली. शब्दांच्या मध्ये श्वास घेत म्हणाली.

तिनं पर्समधून पंप काढला, दोनदा ओढला आणि डोळे मिटून थांबली. तो दोन पायऱ्या खाली उतरून तिच्या शेजारी उभा राहिला. हात पुढे केला. तिनं हाताकडे बघितलं आणि त्यात पिशवी दिली.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "आई वाट बघत असेल. मी येते माझ्या वेगानं."

तो पुढे गेला नाही. पण तिच्या बरोबरीनंही त्याला चढता येईना. कितीही सावकाश टाकला तरी त्याचा पाय आधी पडायचा. मग तो एकेक पायरी चढून थांबायचा, मागे न बघता तिचं पाऊल ऐकायचा आणि पुढची चढायचा. वर दार उघडल्याचा आवाज आला. बायकोनं कठड्यावरून वाकून विचारलं, "दोघं आहात ना?"

"आहोत," तो म्हणाला.